पोटाला हात न लावता दिलेला सल्ला

प्रश्न : डॉक्टर, माझं वय 54, काम बैठं. गेले सहा-सात महिने रात्रीच्या जेवणानंतर पोट डब्ब होतं, करपट ढेकर येतात, कधी छातीशी जळजळतं. माझे नेहमीचे डॉक्टर दुसरीकडे राहायला गेल्यामुळे मी त्यांचा सल्ला व्हिडिओ कॉलवर घेते. त्यांनी गोळी एकच दिली; बाकी सगळं बोलणं जेवणाच्या वेळा, चालणं आणि झोप यांवरच झालं. आमचे दादा म्हणतात, 'पोटाला हात न लावता पोटाचं निदान? हे तर ज्योतिष झालं. पूर्वीचे वैद्य असलं कधी करत नसत.' मोठ्या भावाशी वाद घालणं मला जमत नाही. पण पूर्वी खरंच असं नव्हतं का? आणि या सल्ल्यावर मी कितपत भिस्त ठेवू? माझ्या दुखण्याची सगळी हकिकत चार पानांत लिहून सोबत जोडली आहे. (कृपया नाव छापू नये.)

उत्तर :

ताई,

दादांशी वाद घालू नकाच. त्यांना फक्त अल-अफदलची गोष्ट सांगा.

अल-अफदल हा सुलतान सलादिनचा थोरला मुलगा. बापाने जेरुसलेम जिंकलं, मुलगा पोटापायी हैराण. शौचाला साफ होत नाही, अन्न पचत नाही, त्यात मन उदास आणि मरणाची धास्ती. त्याने आपली दुखणी कैरोलगतच्या फुस्तातमध्ये राहणाऱ्या मायमोनिडीज या वैद्याला कळवली. 1198च्या सुमारास मायमोनिडीजने त्याला अरबीत उत्तर लिहिलं. आज ते पुस्तक म्हणून छापलं जातं, पण मुळात ते एका रोग्याला धाडलेलं लेखी उत्तर आहे. चार प्रकरणं. पहिल्यात कुणालाही लागू पडतील असे खाण्यापिण्याचे नियम, तिसऱ्यात खास अल-अफदलच्या तक्रारींवर. मला सगळ्यात आवडतं ते दुसरं. जवळ वैद्य नसेल, किंवा जो आहे तो भरवशाचा नसेल, तर रोग्याने काय करावं, हा त्याचा विषय. लिहिणाऱ्याला आपण लांब आहोत याचं पक्कं भान होतं.

पहिल्या प्रकरणातला एक मुद्दा मी रोग्यांना अजून सांगतो. मायमोनिडीज म्हणतो, माणूस आपल्या जनावराला दाणा मोजून घालतो, ते सुस्तावू नये म्हणून त्याला फिरवून आणतो; स्वतः मात्र मोजमाप न ठेवता खातो आणि जागचा हलत नाही. जनावराची घेतो तेवढी काळजी माणसाने स्वतःची घेतली, तर बरीच दुखणी टळतील. राजपुत्राला 'तुझा घोडा तुझ्यापेक्षा शहाणपणाने जेवतो' असं सांगायला धारिष्ट लागतं. समोर बसून सांगण्यापेक्षा ते कागदावर सोपं गेलं असेल, असा माझा आपला अंदाज.

दोनएक वर्षांनी अल-अफदलची पुन्हा तक्रार. या खेपेला त्याच्या आसपासच्या वैद्यांचं आपसात जुळेना आणि मायमोनिडीज स्वतः आजारी, त्याला जाणं शक्य नव्हतं. मग त्याने काय केलं, तर त्या वैद्यांनी सुचवलेला एकेक उपाय घेऊन त्यावर शेरे मारले. हे बरोबर आहे, करा, हे नको, हे चालेल, पण इतकंच. एक्स-रे आणि रिपोर्टांची पिशवी घेऊन दुसरं मत विचारायला येतात ना, अगदी तसं. त्यात वारुणी आणि गाणं यांचाही सल्ला होता. दोन्ही गोष्टी अल-अफदलच्या धर्माला मान्य नाहीत, हे मायमोनिडीजला पुरतं ठाऊक होतं. त्यावर त्याचं म्हणणं असं की, शरीराला काय हितकर ते सांगणं हे वैद्याचं काम. ते करायचं की नाही हे रोग्याने ठरवायचं.

(या माणसाचं स्वतःचं पथ्य कसं होतं, तेही ऐका. 1199 मध्ये आपल्या भाषांतरकाराला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो : सकाळी कैरोला दरबारात जातो, दुपार टळल्यावर भुकेने कासावीस होऊन घरी परततो, तर ओसरी रोग्यांनी भरलेली. त्यांची माफी मागून दोन घास पोटात टाकतो. चोवीस तासांत तेवढंच जेवण. मग रात्रीपर्यंत रोगी, आणि शेवटी थकून आडवं पडून बोलायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! पण आमच्या धंद्यात हे नवं नाही. हे उत्तर मी रात्री साडेअकराला लिहितोय आणि जेवण अजून व्हायचंय.)

आता दादांचा खरा आक्षेप, 'पोटाला हात'. पूर्वी सगळे वैद्य हात लावून तपासत, असं आपण गृहीत धरतो. युरोपातल्या जुन्या नोंदी वाचल्या तर वेगळंच दिसतं. 18व्या शतकापर्यंत तिथला शिकलेला डॉक्टर नाडी पाही, जीभ पाही, लघवीचा रंग पाही, आणि बाकी वेळ रोग्याचं ऐके. अंग चाचपणं, ठोकून पाहणं ही कामं त्याला आपल्या पायरीची वाटत नसत. ती शस्त्रक्रिया करणाऱ्यांची. निदानाचा सगळा भार रोग्याच्या हकिकतीवर. हकिकत तोंडाने सांगितली काय आणि कागदावर लिहून पाठवली काय, डॉक्टरच्या लेखी फारसा फरक नव्हता.

1761 या एका वर्षात दोन पुस्तकं निघाली. एक व्हिएन्नात, लिओपोल्ड आउएनब्रुगर या डॉक्टरचं : छातीवर बोटांनी ठोकून आवाज ऐका, आत काय झालंय ते कळतं. तो खानावळवाल्याचा मुलगा. पिंप वाजवून आत माल कुठवर आहे ते ओळखण्याची युक्ती त्याला घरातूनच मिळाली, असं सांगतात. दुसरं पुस्तक स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या सॅम्युएल तिसो या डॉक्टरचं, खेड्यापाड्यांतल्या लोकांच्या आरोग्यावर. आउएनब्रुगरच्या ठोकण्याकडे बहुतेकांनी जवळजवळ अर्धशतक काणाडोळा केला. 1808 मध्ये कोर्विझार या फ्रेंच डॉक्टरने फ्रेंच भाषांतर केलं तेव्हा कुठे ते चाललं. तिसोचं पुस्तक मात्र हातोहात खपलं आणि कितीतरी भाषांत गेलं.

तिसोच्या पुस्तकात एक प्रश्नावली आहे. डॉक्टरचा सल्ला घ्यायला जाणाऱ्याला कोणत्या प्रश्नांची उत्तरं देता आलीच पाहिजेत, त्याची यादी. रोग्याचं वय काय? आधी प्रकृती कशी होती? राहणीमान कसं? आजार कधीपासून? सुरुवात कशी झाली? झोप, भूक, शौच, लघवी कशी? आतापर्यंत काय काय औषधं घेतली? साधे प्रश्न आहेत. पण तिसोला ठाऊक होतं की दूरगावी पडलेल्या रोग्याच्या वतीने दुसराच कुणीतरी डॉक्टरकडे जाणार, आणि तो 'फार त्रास होतोय हो' यापलीकडे काही सांगू शकणार नाही. पुढे त्याच्याकडे युरोपभरातून पत्रं येऊ लागली. त्यांतली तेराशेच्या आसपास लोझानच्या ग्रंथालयात अजून जपून ठेवलेली आहेत.

त्याच काळात स्कॉटलंडमधल्या एडिंबरात विल्यम कलन हा डॉक्टर हेच करत होता, आणि त्याचा पसारा आणखी मोठा. ज्यांचं तोंडही कधी पाहिलं नाही अशा शेकडो रोग्यांना तो टपालाने सल्ला देई. बहुतेक पत्रांत औषध थोडं, आहार-विहार जास्त : काय खावं, केव्हा खावं, घोड्यावर बसावं, अंग उबदार ठेवावं. पाठवलेल्या प्रत्येक उत्तराची नक्कल तो ठेवी. आधी लेखनिक उतरवून काढत. मग वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटने नक्कल काढण्याचं यंत्र बनवलं, आणि 1781 पासून कलनने ते वापरायला घेतलं. खास शाईत पत्र लिहायचं, त्यावर ओलसर पातळ कागद ठेवून दाबायचा. शाई उलटी उमटते, म्हणून तो कागद पाठीमागून वाचायचा. सहा महिन्यांनी त्याच रोग्याचं पत्र आलं की कलन जुना कागद काढून बघे, आपण काय सांगितलं होतं. तुमच्या डॉक्टरांच्या संगणकात तुमची जी फाइल उघडते, तिची ही पणजी.

आणखी एक. 1769 मध्ये रोगांचं वर्गीकरण करताना कलनने अपचन हा विकार पोटाच्या रोगांत न घालता मज्जासंस्थेच्या रोगांत घातला. मी शिकत होतो तेव्हा आम्ही याला हसायचो. आता पोटाचे तज्ज्ञ अशा बऱ्याच तक्रारींना मेंदू आणि आतडी यांच्या संवादातला बिघाड म्हणतात, आणि मी हसणं बंद केलंय.

पण म्हणून जुन्या पत्रांतलं सगळं शिरोधार्य मानू नका. इंग्लंडमधल्या बाथ गावचा डॉक्टर जॉर्ज चेनी बघा. लंडनच्या मेजवान्यांत त्याचं स्वतःचं वजन दोनशे किलोवर गेलेलं, दूध आणि शाकाहारावर राहून उतरवलेलं. त्यामुळे पथ्य सांगण्याचा त्याला अधिकार होता, आणि सॅम्युएल रिचर्डसन या मुद्रक-कादंबरीकाराला त्याने वर्षानुवर्षं पत्रांतून ते सांगितलं. बसून बसून पोट बिघडलेल्या रिचर्डसनला त्याने 'खोलीतला घोडा' सुचवला : चामड्याखाली स्प्रिंगा असलेली उंच खुर्ची, तिच्यावर बसून वर-खाली उसळायचं. हे चांगलंच. पण हाच चेनी वारंवार उलटीची औषधंही घ्यायला लावी. पथ्य शहाण्याचं, औषध घातकी, आणि दोन्ही एकाच लिफाफ्यात.

याचं कारण, पोटात नेमकं काय चालतं हे यांतल्या एकालाही माहीत नव्हतं. पचन हा शब्दच बघा. 'पच्' म्हणजे शिजवणे; पाक, पक्व हे त्याचेच भाऊबंद. ग्रीकांचा 'पेप्सिस', ज्यावरून अपचनाला डिस्पेप्सिया हे नाव पडलं, तोही त्याच जुन्या धातूतून आलेला. जठर म्हणजे चुलीवरचं भांडं आणि अन्न आत शिजतं, अशी समजूत दोन टोकांच्या संस्कृतींनी भाषेत गोठवून ठेवली. भांडं काठोकाठ भरू नका, आधीचं शिजायच्या आत नवं ओतू नका, हे सगळे सल्ले त्या चित्रातूनच निघाले.

भांड्यात डोकावायला मिळालं ते 1822 मध्ये, तेही अपघाताने. अमेरिकेत मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला जवळून बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण पोटाला भोक कायमचं राहिलं. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँटने त्या भोकातून प्रयोग सुरू केले. 1 ऑगस्ट 1825 ला दुपारी बारा वाजता त्याने रेशमी दोऱ्याला मसालेदार मांस, खारवलेलं कच्चं मांस, उकडलेलं मांस, शिळा पाव आणि कच्चा कोबी असे तुकडे बांधून आत सोडले आणि तासातासाने दोरा ओढून बघितला. एक वाजता कोबी आणि पाव निम्मे विरलेले, मांस जसंच्या तसं. दोन वाजता कोबी, पाव, उकडलेलं मांस दोऱ्यावरून साफ गायब. पुढे त्याने जठररस बाटलीत काढून शरीराइतक्या उबेत ठेवला, तर बाटलीतही अन्न विरलं. म्हणजे शिजणं नव्हे, रसाचं काम. सेंट मार्टिन संतापला की पचन बिघडतं, हेही त्याने नोंदलं. या माणसाला संतापायला कारणं पुष्कळ होती, असं मला नेहमी वाटतं.

चित्र चुकीचं निघालं, तरी त्यातून निघालेले 'थोडं खा, सावकाश खा, चाला, चिडून जेवू नका' हे सल्ले टिकले. पण पथ्य सांगणाऱ्यांनी यावर फुशारून जाऊ नये. 1915 मध्ये शिकागोच्या बर्ट्रम सिप्पीने जठरव्रणासाठी, म्हणजे अल्सरसाठी, तासातासाला दूध आणि साय घेण्याचं पथ्य सांगितलं, ते अनेक दशकं जगभर चाललं. 1982 मध्ये ऑस्ट्रेलियात वॉरन आणि मार्शल यांना जठरात एक जंतू सापडला, आणि कळलं की बऱ्याचशा व्रणांचं मूळ तो आहे; प्रतिजैविकांनी व्रण बरा होतो. 2005 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मधल्या काळात किती लोक सायीचे पेले रिचवत बसले असतील!

इथे दादांचं बरोबर आहे. हकिकत कितीही चांगली लिहिली तरी काही गोष्टी कागदावर येत नाहीत. जंतू येत नाही. पोटातली गाठ येत नाही, रक्तातलं लोह कमी झालेलं येत नाही. तुमची तक्रार चाळिशी उलटून बरीच वर्षं झाल्यावर नव्याने सुरू झालेली आणि सहा महिन्यांवर रेंगाळलेली आहे. म्हणून एकदा प्रत्यक्ष जाऊन पोट तपासून घ्या, साधी रक्ततपासणी करा, आणि त्या जंतूची तपासणी करायची का ते विचारा. तुमचे डॉक्टर लांब असतील तर जवळच्या कुणाकडेही चालेल. अहवाल त्यांना पाठवा. आणि घास गिळताना अडकत असेल, न ठरवता वजन उतरत असेल, शौच डांबरासारखं काळं होत असेल किंवा त्यात रक्त दिसत असेल, वारंवार उलट्या होत असतील, तर महिन्याभराने नव्हे, लगेच जा. चालताना किंवा जिना चढताना छातीत जळजळत असेल, तर ती पोटाची तक्रार समजून घरी थांबू नका. हृदयाचं दुखणं पुष्कळदा पित्ताचं सोंग घेऊन येतं.

यांतलं काही नसेल, तर तुमच्या डॉक्टरांनी जे केलं ते योग्यच केलं. पोट कुठे दुखतं ते हाताला कळतं. केव्हा, काय खाल्ल्यावर, किती वेळाने फुगतं, हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. तेवढ्यापुरता फोन, व्हिडिओ आणि टपाल सगळं सारखंच.

आता तुमची चार पानं. अक्षर सुरेख आहे. पहिली दोन पानं 'फार अस्वस्थ वाटतं', 'कशातच लक्ष लागत नाही' यांत गेली. तिसऱ्यावर आजवर कुणी कुणी काय उपाय सुचवले त्याची जंत्री आहे. मी तिसोची प्रश्नावली शेजारी ठेवून वाचलं, तर सुरुवात कशी झाली याचं उत्तर नाही. शौचाचा उल्लेख संकोचाने गाळलेला. अल-अफदलने राजपुत्र असून गाळला नव्हता. सांधे, पाठ किंवा डोकं दुखतं म्हणून वेदनाशामक गोळ्या घेता का, यावर एक शब्द नाही, आणि बैठ्या कामाच्या, पन्नाशीतल्या माणसाला मी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतो, कारण त्या गोळ्या जठराच्या अस्तराला सोलून काढतात. रात्री किती वाजता जेवता, तेही सरळ कुठे लिहिलेलं नाही.

सरळ नाही, पण लिहिलंय. चौथ्या पानाच्या तळाशी, दादांबद्दल सांगता सांगता, तुम्ही म्हणता : 'ते कामावरून येईपर्यंत दहा वाजून जातात, मग आम्ही सगळे एकत्रच बसतो. पानं उचलली की मी लगेच आडवी होते, पहाटे उठायचं असतं ना.'

पोटाला हात लावून हे वाक्य मला सापडलं नसतं.

तेव्हा तीन आठवडे एवढंच करा. तुमचं जेवण साडेसात-आठला उरका. दादा आले की पानाशी सोबतीला बसा, पण वाढून घेऊ नका. जेवण आणि झोप यांत निदान तीन तास जाऊ द्या, झोपताना डाव्या कुशीवर वळा, आणि डोक्याकडून पलंग वितीएवढा उंच करा. उशा रचून नव्हे, पलंगाच्या त्या बाजूच्या पायांखाली ठोकळे देऊन. डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांनी सांगितलेल्या वेळेलाच घ्या. चार पानं मी परत पाठवतोय. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रोज तीनच गोष्टी लिहा : किती वाजता जेवलात, किती वाजता आडव्या झालात, पोट किती वाजता फुगलं. तो कागद पुढच्या व्हिडिओ कॉलला डॉक्टरांसमोर धरा.

आणि दादा इतक्या उशिरा जेवतात, तर त्यांच्या पोटाचं कसं काय, तेही एकदा विचारून घ्या.